जुन्या मोबाईलमधलं सोनं फळाच्या सालीने काढता येतं? यामागचं विज्ञान नेमकं काय आहे?

रील्स स्क्रोल करताना असा व्हिडीओ तुम्हाला कधी ना कधी दिसला असेल. एक जण जुन्या सिमकार्डांचा आणि मोबाईलच्या सर्किट बोर्डांचा ढीग प्लास्टिकच्या बादलीत टाकतो, वरून अ‍ॅसिड ओततो, पिवळसर धूर निघतो आणि शेवटी तळहातावर चमकणारी सोन्याची गोळी ठेवून तो कॅमेऱ्याकडे बघून हसतो. खाली कमेंट्समध्ये एकच प्रश्न असतो, ‘भाऊ, हे घरी करता येईल का?’

याचं सरळ उत्तर आहे, करू नका. का करू नका, ते पुढे येईलच. पण या व्हिडीओमधली एक गोष्ट मात्र खरी आहे. मोबाईलमध्ये सोनं असतंच. ते काढण्यासाठी विषारी रसायनांवरचं अवलंबित्व कमी करायचं, म्हणून जगभरातले शास्त्रज्ञ गेली काही दशकं चक्क फळांच्या साली, मक्याचा स्टार्च, चेस्टनटची टरफलं आणि झाडांमधलं टॅनिन वापरून बघतायत. ऐकायला आजीच्या बटव्यातला उपाय वाटतो, पण त्यामागचं रसायनशास्त्र पक्कं आहे. काय आहे हा प्रकार? चला, पहिल्यापासून समजून घेऊया.

मोबाईलमध्ये सोनं कशाला लागतं?

सोनं वीज चांगली वाहून नेतं आणि त्याला गंज चढत नाही. तांबं स्वस्त आहे, वीजही उत्तम वाहतं, पण हवेत राहिलं की काळपट पडतं. घरातली तांब्याची भांडी चिंच लावून घासावी लागतात ती याचमुळे. आता मोबाईलमधल्या बारीकशा जोडणीवर असा काळपट थर बसला, तर सिग्नल अडखळणार. म्हणून जिथे दोन भाग एकमेकांना टेकतात, उदाहरणार्थ सिमकार्डची पट्टी, कनेक्टर, चिपच्या पिना, तिथे सोन्याचा अतिशय पातळ मुलामा दिलेला असतो.

किती सोनं असतं? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा एक आकडा नेहमी दिला जातो. त्यानुसार १० लाख मोबाईलमधून साधारण १६ टन तांबं, ३५० किलो चांदी, ३४ किलो सोनं आणि १५ किलो पॅलेडियम मिळू शकतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर एका मोबाईलमध्ये सुमारे ३४ मिलिग्रॅम सोनं. ग्रॅममागे १० हजार रुपये भाव धरला, तर एका फोनमागे साडेतीनशे रुपयांच्या आत. एक तोळा सोन्यासाठी जवळपास ३०० मोबाईल लागतील. थोडक्यात, ड्रॉवरमधल्या दोन बंद फोनांतून मंगळसूत्र घडत नाही.

पण हेच गणित टनावर नेलं की चित्र पालटतं. एक फोन १५० ग्रॅमचा धरला, तर एक टनात साडेसहा हजारांहून जास्त फोन बसतात आणि त्यातून २०० ग्रॅमच्या वर सोनं निघू शकतं. सोन्याच्या खाणीत मात्र एक टन खडक फोडल्यावर हाती लागतं ते बहुतेक ठिकाणी काही ग्रॅमच. सिनेमामुळे घराघरात पोहोचलेली कर्नाटकातली कोलार गोल्ड फील्ड्स ही खाण २००१ मध्ये बंद झाली, ती खर्च परवडेनासा झाल्यामुळे. म्हणूनच ई-कचऱ्याला ‘शहरातली खाण’ म्हणतात.

ही खाण केवढी आहे? संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला. त्यात दडलेल्या धातूंची किंमत होती सुमारे ९१ अब्ज डॉलर. त्यातलं सोनंच १५ अब्ज डॉलरचं. आणि या कचऱ्यापैकी नीट गोळा करून रिसायकल झाल्याची नोंद किती? फक्त २२.३ टक्के.

मग अडचण कुठे आहे?

वरचे आकडे पुन्हा बघा. ३४ किलो सोनं आणि १६ टन तांबं. म्हणजे सोन्याच्या एका भागामागे तांब्याचे सुमारे ४७० भाग. शिवाय लोखंड, कथिल, निकेल, शिसं, काच आणि प्लास्टिक वेगळंच. एवढ्या गर्दीतून नेमकं सोनंच बाजूला काढायचं, ही खरी कसरत आहे.

त्यासाठी आज प्रामुख्याने तीन मार्ग वापरले जातात.

पहिला मार्ग भट्टीचा. सर्किट बोर्ड प्रचंड तापमानाला वितळवायचे आणि धातू वेगळे करायचे. मोठे कारखाने हे करतात, पण त्याला अवाढव्य भांडवल आणि ऊर्जा लागते. धूर शुद्ध करणारी यंत्रणा नसेल, तर तो धूर जीवघेणा ठरतो.

दुसरा मार्ग सायनाइडचा. सायनाइड सोन्याला विरघळवतं, म्हणून खाणींमध्ये शंभराहून अधिक वर्षं त्याचा वापर होतोय. पण एखादा बांध फुटला तर काय होतं, हे युरोपने पाहिलंय. ३० जानेवारी २००० च्या रात्री रोमानियात बाया मारे इथे सोनं काढणाऱ्या एका प्रकल्पाच्या तलावाचा बांध फुटला. सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडयुक्त पाणी नद्यांमध्ये शिरलं, हंगेरीतल्या तिसा नदीतून पुढे डॅन्यूबपर्यंत पोहोचलं आणि प्रचंड प्रमाणात मासे मेले.

तिसरा मार्ग अ‍ॅसिडचा. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड साधारण एकास तीन या प्रमाणात मिसळलं की अम्लराज तयार होतं. साध्या अ‍ॅसिडला दाद न देणारं सोनंही त्यात विरघळतं. रीलमधल्या बादलीत असतं ते बहुतेक वेळा हेच. त्यातून निघणाऱ्या वायूंमध्ये क्लोरिन आणि नायट्रोजन डायऑक्साइड असतात. यातला नायट्रोजन डायऑक्साइड विशेष फसवा आहे. श्वासातून गेल्यावर लगेच फारसं काही जाणवत नाही, पण काही तासांनी फुप्फुसांत पाणी साचून माणूस गंभीर होऊ शकतो. व्हिडीओ मात्र तोवर संपलेला असतो.

आपल्याकडे दिल्लीतल्या सीलमपूरसारख्या भागांत हे काम गल्लीबोळात, छोट्या खोल्यांत चालतं. वायर जाळून तांबं काढायचं, बोर्ड अ‍ॅसिडमध्ये बुडवायचे आणि उरलेलं पाणी गटारात सोडून द्यायचं. त्यातून शिसं, कॅडमियम आणि प्लास्टिक जळताना तयार होणारे डायॉक्सिन थेट माणसांच्या अंगात आणि मातीत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या विषयावर स्वतंत्र अहवाल काढला. अनौपचारिक कचरा क्षेत्रात जगभरात १.२९ कोटी स्त्रिया काम करतात आणि त्यांच्यासह त्यांच्या मुलांनाही या विषाचा धोका आहे, असं त्यात म्हटलंय.

म्हणजे सोनं निघतं, पण त्याची किंमत दुसरंच कोणीतरी मोजतं. वनस्पतींचा शोध सुरू होतो तो इथून.

तुरट फळाची करामत

कच्चं केळं, जांभूळ किंवा सुपारी खाल्ल्यावर जीभ कोरडी पडल्यासारखी होते, आठवतंय? हा तुरटपणा ज्या घटकामुळे येतो, त्याला टॅनिन म्हणतात. टॅनिन आपल्याला नवं नाही. पारंपरिक कोल्हापुरी चप्पलचं कातडं कमावतात ते बाभळीची साल आणि हिरडा वापरून. या दोन्हींमध्ये टॅनिन भरपूर असतं. ते कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट धरून ठेवतं आणि कातडं सडत नाही.

जपानमध्ये टॅनिनचा असाच एक लाडका स्रोत आहे, पर्सिमॉन नावाचं फळ. तिकडे त्याला काकी म्हणतात. आपल्याकडे हिमाचलमध्ये ते ‘जपानी फळ’ म्हणून विकतात. दिसायला टोमॅटोसारखं, पिकल्यावर गोड, पण कच्चं असताना भयंकर तुरट. विदर्भात विड्या वळायला ज्याची पानं वापरतात ते तेंदूचं झाड याच कुळातलं. कच्च्या काकीचा आंबवलेला रस जपानमध्ये शेकडो वर्षं कागद, लाकूड आणि मासेमारीची जाळी टिकाऊ करण्यासाठी लावला जातो.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मियाझाकी इथल्या ताकाशी साकागुची आणि अकिरा नाकाजिमा या संशोधकांनी या टॅनिनकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. त्यांनी ते पाण्यात न विरघळणाऱ्या जेलच्या रूपात आणलं आणि सोनं विरघळवलेल्या द्रावणात टाकलं. जेलने द्रावणातलं सोनं ओढून घेतलं.

पुढे सागा विद्यापीठात कात्सुतोशी इनोउए आणि सहकाऱ्यांनी हे काम बरंच पुढे नेलं. काकीच्या टाकाऊ साली, वाईन करून उरलेला द्राक्षांचा चोथा, चेस्टनटची आतली पापुद्र्यासारखी साल, लिंबाच्या साली, लाकडातलं लिग्निन, अगदी रद्दी कागदसुद्धा त्यांनी वापरून पाहिला. त्यांचं लक्ष मुद्दाम कचऱ्यावर होतं. एका कचऱ्यातून दुसऱ्या कचऱ्यातलं सोनं काढायचं, अशी ही कल्पना.

पण साल फक्त सोन्यालाच का धरते?

हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे, आणि तो समजायला बारावी सायन्सची गरज नाही.

धातू अ‍ॅसिडमध्ये विरघळतो, तेव्हा तो इलेक्ट्रॉन गमावून बसलेला असतो. त्याला पुन्हा घन धातू व्हायचं असेल, तर ते इलेक्ट्रॉन कुणीतरी परत द्यावे लागतात. मात्र प्रत्येक धातूची इलेक्ट्रॉनची भूक सारखी नसते.

शास्त्रज्ञ ही भूक व्होल्टमध्ये मोजतात. क्लोराइडच्या द्रावणात विरघळलेल्या सोन्याचा आकडा सुमारे १ व्होल्ट आहे. तांब्याचा साधारण ०.३४. लोखंड तर शून्याच्याही खाली. आकडा जितका मोठा, तितका तो धातू इलेक्ट्रॉन पटकन आणि सहज घेतो.

टॅनिनसारखे वनस्पतिजन्य घटक इलेक्ट्रॉन देऊ शकतात, पण फार जोर लावून नाही. सोन्यासारखा भुकेला समोर आला, तर तो टॅनिनकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो. तांबं आणि लोखंडाला मात्र टॅनिनकडून ते मिळत नाहीत. परिणामी सोनं जेलवर घन कणांच्या रूपात साचत जातं, आणि तांबं, लोखंड, जस्त द्रावणातच राहतं. ४७० जणांच्या गर्दीतून एकाला बाहेर काढण्याचं कोडं असं सुटतं.

यातली गंमत लक्षात घ्या. सोनं गंजत नाही, कारण ते आपले इलेक्ट्रॉन सहजासहजी सोडत नाही. म्हणून तर ते मोबाईलमध्ये वापरलं गेलं. आणि हाच गुण त्याला कचऱ्यातून परत मिळवताना उपयोगी पडतो.

आणखी एक फायदा आहे. साध्या गाळणीत किंवा स्पंजमध्ये जागा भरली की काम थांबतं. इथे मात्र सोन्याचे कण तयार होऊन वाढत जातात. त्यामुळे काही प्रयोगांत शोषकाच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त वजनाचं सोनं त्यावर जमा झालं. शेवटी तो जेल जाळून टाकला, की वनस्पतीचा भाग राख होतो आणि सोनं मागे उरतं.

प्लॅटिनम आणि पॅलेडियम यांचं वागणं मात्र थोडं वेगळं आहे. ते साध्या टॅनिनला तितके सहज सापडत नाहीत. त्यांच्यासाठी जेलवर नायट्रोजन असलेले रासायनिक गट जोडावे लागतात. म्हणजे एकच साल सगळ्या धातूंना चालत नाही.

मक्याच्या स्टार्चने लागलेला अपघाती शोध

दुसरी गोष्ट अमेरिकेतली, शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातली. तिथे सर फ्रेझर स्टॉडर्ट यांची प्रयोगशाळा होती. रेणूंची सूक्ष्म यंत्रं बनवण्यासाठी ज्यांना २०१६ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं, तेच हे स्टॉडर्ट.

त्यांच्या प्रयोगशाळेतले झिचांग लिऊ यांना वायू साठवता येतील असे घनाकृती सांगाडे बनवायचे होते. त्यासाठी त्यांनी दोन द्रावणं एकत्र केली. एकात सोन्याचा क्षार होता आणि दुसऱ्यात अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिन. हा पदार्थ स्टार्चपासून मिळतो. ग्लुकोजचे सहा तुकडे गोल फेर धरून उभे आहेत, असा त्याचा आकार.

घन काही तयार झाले नाहीत. त्याऐवजी टेस्ट ट्यूबमध्ये पटकन बारीक सुया दिसू लागल्या. तपासल्यावर कळलं की सोनं, ब्रोमिन, पोटॅशियम आणि स्टार्चच्या त्या कड्या एकमेकांत अशा चपखल बसल्या होत्या, की सोनं द्रावणातून आपोआप खाली बसत होतं. प्लॅटिनम आणि पॅलेडियमच्या तशाच क्षारांबरोबर मात्र असं होत नव्हतं. हे संशोधन २०१३ मध्ये नेचर कम्युनिकेशन्स या नियतकालिकात आलं.

इथे इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीचा संबंध नाही. हा सगळा मापाचा खेळ आहे. कुलपात योग्य किल्ली बसावी, तसं सोन्याचं संयुग त्या कडीच्या मापात बसतं. महत्त्वाचं म्हणजे सायनाइडच्या जागी सामान्य तापमानाला चालणारा, बिनविषारी स्टार्च वापरण्याची एक वाट त्यातून दिसली.

संत्र्याची साल आणि जुनी बॅटरी

सोन्याचं झालं. पण मोबाईलच्या बॅटरीत सोनं नसतं, तिथे कोबाल्ट, लिथियम आणि निकेल असतं. हे धातू दागिन्यांचे नसले, तरी इलेक्ट्रिक गाड्यांच्या जमान्यात त्यांच्यासाठी देशादेशांत चढाओढ लागली आहे.

सिंगापूरच्या नानयांग टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीतल्या माधवी श्रीनिवासन, डाल्टन टे आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये यावर एक प्रयोग मांडला. संत्र्याच्या साली ओव्हनमध्ये वाळवून त्यांची पूड केली, त्यात सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे लिंबात असतं तेच, मिसळलं आणि जुन्या बॅटऱ्यांच्या भुकटीवर वापरलं. सुमारे ९० टक्के कोबाल्ट, लिथियम, निकेल आणि मँगनीज बाहेर आलं. नेहमीच्या पद्धतीत हायड्रोजन पेरॉक्साइड जे काम करतं, ते इथे सालीतल्या सेल्युलोजपासून तयार होणाऱ्या साखरेने आणि सालीतल्या अँटिऑक्सिडंट घटकांनी केलं. त्या धातूंपासून त्यांनी नव्या बॅटऱ्याही बनवून दाखवल्या.

इथे फरक लक्षात ठेवा. काकीचं टॅनिन विरघळलेलं सोनं पकडतं. संत्र्याची साल धातू विरघळवायला मदत करते. दोन्ही वनस्पतीच, पण काम उलट.

आणि जिवंत झाड वापरलं तर?

तोही प्रयोग झालाय. आपली फोडणीची मोहरी आठवा. १९९८ मध्ये न्यूझीलंडमधल्या मॅसी विद्यापीठाचे ख्रिस्तोफर अँडरसन, रॉबर्ट ब्रुक्स आणि सहकाऱ्यांनी नेचरमध्ये दाखवून दिलं, की सोनं असलेल्या मातीत अमोनियम थायोसायनेट नावाचं रसायन टाकलं, तर सोनं विरघळतं आणि मोहरीची रोपं ते मुळांतून वर खेचतात. रोप कापायचं, जाळायचं आणि राखेतून सोनं काढायचं.

कल्पना भन्नाट, पण ई-कचऱ्यासाठी ही वाट लांबची आहे. झाड वाढायला वेळ लागतो, आणि विरघळलेलं सोनं झाडाने घेतलं नाही तर ते भूजलात जाण्याची भीती असते. त्यामुळे सर्किट बोर्डांच्या बाबतीत जिवंत झाडापेक्षा झाडापासून बनवलेला पदार्थच जास्त उपयोगाचा.

इतकं सगळं जमतंय, तर कारखान्यात का दिसत नाही?

‘फळाच्या सालीने सोनं काढलं’ अशी हेडलाईन शेअर करण्याआधी चार गोष्टी माहीत असायला हव्यात.

एक, साल सोनं पकडते, पण आधी ते विरघळवावं लागतं. बोर्डला चिकटलेलं घन सोनं टॅनिनला ओढून घेता येत नाही. म्हणजे पहिल्या पायरीवर अ‍ॅसिड, क्लोरिन किंवा दुसरं एखादं रसायन लागतंच. वनस्पतींमुळे दुसरी पायरी सौम्य होते, पूर्ण प्रक्रिया नाही. त्यामुळे साल वापरली म्हणून घरी अम्लराज हाताळणं सुरक्षित होत नाही.

दोन, सालही जशीच्या तशी चालत नाही. टॅनिन पाण्यात विरघळतं, म्हणून त्याचे रेणू एकमेकांना बांधावे लागतात. त्यासाठी फॉर्माल्डिहाइड किंवा तीव्र सल्फ्युरिक अ‍ॅसिड वापरलं जातं. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असं लेबल त्याला लावता येत नाही.

तीन, सगळी साल सारखी नसते. ऋतू, जात आणि पिकण्याची अवस्था बदलली की टॅनिनचं प्रमाण बदलतं. प्रयोगशाळेत काही ग्रॅमवर हे सांभाळता येतं. कारखान्याला रोज टनावारी एकसारखा माल हवा असतो.

चार, स्पर्धा. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या ईटीएच झुरिचमधल्या राफाएले मेझेंगा यांच्या गटाने चीज बनवताना उरणाऱ्या पाण्यातल्या प्रथिनांचा स्पंज बनवला. कॉम्प्युटरच्या २० मदरबोर्डांमधून त्यांनी ४५० मिलिग्रॅमची, साधारण २२ कॅरेटची सोन्याची गोळी काढली. त्याच वर्षी ब्रिटनच्या रॉयल मिंटने वेल्समध्ये वर्षाला ४,००० टनांपर्यंत सर्किट बोर्ड हाताळू शकेल असा कारखाना सुरू केला, तोही सामान्य तापमानाला चालणाऱ्या रसायनावर. साल स्वस्त आहे हे खरं, पण तिला अशा पद्धतींच्या तोडीस तोड उतरावं लागेल.

मग याचा उपयोग काय? मोठी भट्टी परवडत नाही, पण रसायनांची नीट काळजी घेता येते, अशा मध्यम आकाराच्या रिसायकलिंग केंद्रांसाठी हे शोषक कामाचे ठरू शकतात. ते शेतीच्या कचऱ्यातून बनतात, त्यांना फार ऊर्जा लागत नाही, आणि अगदी कमी प्रमाणात उरलेलं सोनंही ते वेचू शकतात. अ‍ॅसिडच्या ज्या पाण्यात ‘आता काही उरलं नाही’ म्हणून ते फेकलं जातं, त्या पाण्यातलंही.

भारतात चित्र काय आहे?

ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटरनुसार चीन आणि अमेरिकेनंतर सर्वाधिक ई-कचरा करणारा देश भारत आहे. २०२२ मध्ये आपण सुमारे ४१ लाख टन ई-कचरा तयार केला.

१ एप्रिल २०२३ पासून देशात नवे ई-कचरा नियम लागू झाले. त्यानुसार वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांवर ठरावीक प्रमाणात कचरा रिसायकल करून घेण्याची जबाबदारी आहे. सुरुवातीला ६० टक्के, २०२५-२६ पासून ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के. रिसायकल करणाऱ्याला किती सोनं, तांबं, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम परत मिळवलं यावर प्रमाणपत्रं मिळतात आणि कंपन्या ती विकत घेतात. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ई-कचरा आणि जुन्या बॅटऱ्यांमधून महत्त्वाची खनिजं परत मिळवण्यासाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजनाही मंजूर केली.

कच्च्या मालाचा तर आपल्याकडे तोटा नाही. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आदिवासी कुटुंबं हिरडा गोळा करून विकतात. नागपूरचं संत्रं आणि नाशिकचं द्राक्ष वेगळं सांगायला नको. त्या साली, चोथा आणि टॅनिनवर आपल्या हवामानात, आपल्या कचऱ्यासाठी काम करायला आपल्या विद्यापीठांना भरपूर वाव आहे.

पण कुठलंही तंत्र तेव्हाच चालतं, जेव्हा कचरा त्याच्यापर्यंत पोहोचतो. टोकियो ऑलिंपिकचं उदाहरण घ्या. तिथली सुमारे ५,००० पदकं जुन्या उपकरणांतून काढलेल्या धातूंपासून बनली. त्यासाठी २०१७ ते २०१९ अशी दोन वर्षं जपानभर लोकांकडून जवळपास ७९ हजार टन उपकरणं गोळा केली गेली, त्यात ६० लाखांहून जास्त मोबाईल होते. त्यातून निघालं ३२ किलो सोनं. तंत्रज्ञान होतंच, पण लोकांनी ड्रॉवर उघडले म्हणून ते जमलं.

तुम्ही काय करू शकता?

* जुना फोन देण्याआधी बॅकअप घ्या, सगळ्या अकाउंटमधून लॉग आउट व्हा, फॅक्टरी रीसेट करा आणि सिम व मेमरी कार्ड काढून घ्या. डेटाची भीती हे फोन पडून राहण्याचं मोठं कारण आहे.
* फोन चालू असेल तर आधी एक्स्चेंज किंवा दुसऱ्याला वापरायला देण्याचा विचार करा. फोन जितका जास्त चालेल, तितकं चांगलं.
* बंद पडला असेल तर ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे द्या. सोसायटीत वर्षातून एकदा सगळ्यांचा ई-कचरा एकत्र गोळा केला, तर अनेक ठिकाणी तो न्यायला गाडी येते.
* भंगारवाले काका घेत असतील, तर ते पुढे कुणाला देतात हे विचारा. गोळा करण्याचं काम ते उत्तम करतात. धोका असतो तो पुढे होणाऱ्या जाळपोळीत आणि अ‍ॅसिडमध्ये.
* फुगलेली बॅटरी टोचू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका.
* आणि तो रील पाहून अ‍ॅसिड आणायला जाऊ नका. काहीशे रुपयांच्या सोन्यासाठी फुप्फुसं पणाला लावण्याचा हा सौदा आहे.

फळाच्या सालीने सोनं निघतं, हे खरं आहे. पण ती साल वापरली जायला हवी नीट हवा खेळणाऱ्या प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात, हातमोजे घातलेल्या, पगार आणि विमा असलेल्या माणसाच्या हातून. आज हे काम बहुतेक वेळा करतो तो सीलमपूरच्या एखाद्या खोलीत अ‍ॅसिडच्या बादलीवर वाकलेला माणूस. त्याच्या हातात बादलीऐवजी हे नवं तंत्र कधी येतं, यावर या संशोधनाचं यश ठरेल. आणि आपल्या ड्रॉवरमधला फोन कुणाच्या हाती जातो, यावरही.